सशाच्या सालातली मुलगी

गुल्सुन आपल्या पोटच्या मुलीला ‘वन्सं’ म्हणायची. ‘वन्सं, चहा झालाय.’ ‘वन्सं, मोजे ओले आहेत, बदला बघू.’ बारा वर्षं म्हणून म्हणून जीभ अशी वळली होती की झोपेत बरळली असती तरी वन्संच म्हणाली असती. मुलगी तिला वहिनी म्हणायची आणि बातमाला, म्हणजे आपल्या सख्ख्या आजीला, आई.

पहिलं मूल आजीचं, हा आमच्या काराजार गावचा रिवाज. बाळ चाळीस दिवसांचं झालं की आजीच्या मांडीवर जातं. पुष्कळ घरांत हे गोडीने चालतं. मुलाला दोन आया मिळतात, लाड दुप्पट होतात, आणि मोठं झाल्यावर कोण कुणाचं हे हसत हसत सांगितलं जातं. बातमाच्या घरात हसत हसत काहीच होत नसे. शेजारणीकडे गेलेलं पातेलं परत आणावं तसं तिने मूल उचलून आणलं. गुल्सुनची छाती दुधाने दगड झाली होती, आणि तिला सक्त ताकीद मिळाली की मुलीला जवळ घ्यायचं नाही, सवय लागते. मुलगी गाईच्या दुधावर वाढली. हे रिवाज ज्याने कोणी घालून दिले त्याला कधी पान्हा फुटला नसणार.

बातमा वाईट बाई होती का, असं गावात विचाराल तर कोणी हो म्हणणार नाही. तरुणपणी नवरा गेला, तरी कळप मोडू दिला नाही, एकुलत्या मुलाला, गुल्सुनच्या नवऱ्याला, एसेनबेकला वाढवलं, कोणापुढे हात पसरला नाही. ती लग्नघरी आली की बायका सरकून तिला वरची जागा देत. तिला एकच दुखणं होतं. घरात शेवटचा शब्द आपला नसला की तिला अन्न गोड लागत नसे.

ही मुलगी, उमसुनाय, जन्मली ते सशाचं साल होतं. सशाचं साल आमच्याकडे कोणाला नको असतं. त्या सालात बर्फ गोठून जमिनीला चिकटतो, खालचं गवत निघत नाही, जनावरं उभ्या उभ्या मरतात. त्या हिवाळ्यात बातमाच्या निम्म्या मेंढ्या मेल्या. जमीन खणता येत नव्हती म्हणून मढी गोठ्यामागे रचून ठेवली होती, आणि अशात गुल्सुनला कळा सुरू झाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवतावर झोपवून तिला नेलं, पण अर्ध्या वाटेतच ती मोकळी झाली. सायरा शेजारीण तिचं डोकं मांडीवर धरून बसली होती. नूरुझच्या सणाला आठवडा राहिला होता. तो आठवडा गेला असता तर नवं साल लागलं असतं, ड्रॅगनचं, भरभराटीचं.

“सशाच्या सालाची पोरगी, आणि मढ्यांच्या ढिगावर जन्मलेली,” बातमा म्हणाली. “हिला कोण करून घेणार?” तिने नूरुझ होऊ दिला, मग कचेरीत जाऊन मुलीच्या जन्माची तारीख नव्या सालात घातली. आणि लिहिणारा कारकून तिचा आतेभाऊच निघाला म्हणून, आईच्या रकान्यात आपलंच नाव घालून घेतलं. एका फेरीत दोन कामं. त्या दिवशी गुल्सुन मागच्या खोलीत छातीला ओलं फडकं बांधून पडली होती. तिला हे सगळं पुढे कधीतरी कळलं, आणि कळूनही ती काही बोलली नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, दुसरं होईल. दुसरं मूल आपलंच.

दुसरं झालं नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. एसेनबेक रशियात इमारती बांधायला जायचा, उन्हाळ्यात पंधरा दिवस यायचा, आईसाठी शाल आणि बहिणीसाठी खेळणी आणायचा. बहिणीसाठी म्हणजे उमसुनायसाठी. तोही तिला बहीणच म्हणायचा, आणि त्याला ते जड जात असेल असं वाटावं असं तरी त्याच्या तोंडावर कधी दिसलं नाही.

गेल्या साली ससा फिरून आला. आमच्याकडे पोटातले महिनेही वयात धरतात, आणि दर बारा वर्षांनी माणसाच्या जन्माचं जनावर परत येतं. त्या सालाला मुचल म्हणतात. मुचलात माणूस कच्चा असतो, त्याला सांभाळायचं, त्याच्या नावाने दानधर्म करायचा, अंगावर काही ओढवून घ्यायचं नाही. गुल्सुन स्वतःही सशाचीच. म्हणजे गेलं साल दोघींचं मुचल होतं, आणि हे त्या घरात दोघींनाच माहीत होतं, एक तिला आणि एक सासूला. गुल्सुनने आपली लग्नातली शाल गुपचूप एका भिकारणीला दिली. मुलीच्या नावाने दिली, स्वतःच्या नाही. मुलगी ते साल साधी शिंकलीसुद्धा नाही.

गुल्सुनच्या अंगावरून मात्र जायला लागलं. चार महिने तिने ते चिंध्यांखाली लपवलं, कारण सुनेने असलं सांगायचं कोणाला? शेवटी एकदा गोठ्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा तालुक्याला आणि तिथून राजधानीला, बिश्केकला नेलं. तिथे तिची पिशवी काढली. वेळेवर आलात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होता, पसरला नव्हता. आता दर सहा महिन्यांनी तपासायला या.

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी कागद भरता भरता विचारलं, “मुलगी आहे का तुम्हाला?”

“नाही,” गुल्सुन म्हणाली. “नणंद आहे. बारा वर्षांची.”

“मग तिला लस द्या. हा आजार एका विषाणूने होतो. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. एखादीचा जात नाही. लस दिली तर तो मुळात धरतच नाही. पण ती आधी द्यायची, लग्नाच्या कितीतरी आधी. नऊ ते चौदा हे सगळ्यात चांगलं वय.”

“आणि मला?”

“मोठ्या बायकांनाही देतात, पंचविशीपर्यंत, कधी पंचेचाळिशीपर्यंतही, डॉक्टरला विचारून. पण वय वाढतं तसा उपयोग कमी होत जातो, आणि झालेला आजार काही तिने बरा होत नाही. तुमचं आता तपासणीवरच. नणंदेला मात्र चुकवू नका.”

गुल्सुन बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. बिश्केकमध्ये बातमाला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तिथे, परक्या बाईपुढे, कोणी डोळे वटारलेले नसताना ती ‘नाही’ म्हणाली होती. त्याचं तिला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. तिला स्वतःची किळस आली.

घरी परतल्यावर बातमाने आल्यागेलेल्या बायकांसमोर चहा ओतत सांगितलं, “पिशवी काढली. आता नुसतं टरफल आलंय घरी.” मग आवाज न उतरवता, “तो आजार कशाने होतो ते मी विचारून घेतलंय हो. माझा मुलगा बिचारा तिकडे विटा वाहतो, आणि इथे हे.” बायकांनी पेल्यांत डोळे घातले. एसेनबेक तिकडे नुसत्या विटाच वाहत होता का, हे त्यांच्यातल्या निम्म्याजणींना ठाऊक होतं. त्यांचेही नवरे तिकडेच होते. एसेनबेक फोनवर एवढंच म्हणाला, “आई म्हणेल तसं वाग. आणि त्या आजाराचं कोणाजवळ बोलू नकोस, माझं नाव जातं.”

यंदाच्या शरदात, बटाटे काढून झाल्यावर, दवाखान्यातली नर्स दिलबार बातमाकडे आली. दिलबार बडबडी, जाडजूड, आणि बातमाला न घाबरणाऱ्या गावातल्या दोन-तीन माणसांपैकी एक. तिने आधी तीन पेले चहा घेतला, कणकेचे तळलेले बोर्सोक खाल्ले, आणि मग विषय काढला.

“बातमाकाकू, मंगळवारी शाळेत लस आहे. तुमच्या उमसुनायच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना. आईची सही लागते.”

“ती पोरी वांझ करायची सुई? सायराच्या फोनवर आलंय.”

“सायराच्या फोनवर तर मीठ संपणार असंही आलं होतं. दोन पोती भरून ठेवलीत तिने, आता मांजर निजतं त्यावर.”

बातमा हसली. तिला सायराची टिंगल आवडायची.

“वांझबिंझ काही होत नाही,” दिलबार म्हणाली. “माझ्या पोरीला मी माझ्या हाताने दिली. दंड दुखतो एक-दोन दिवस, कुणाला कणकण येते. एखादी घाबरून चक्कर येऊन पडते, म्हणून सुई दिल्यावर पंधरा मिनिटं बाकावर बसवून ठेवतो. अंगात ताप असेल तर त्या दिवशी देत नाही. आधीच्या एखाद्या लसीने अंगावर गांधी उठून दम लागला असेल तर देत नाही. आणि पोटुशीला देत नाही.”

“बारा वर्षांची पोटुशी? काय बोलतेस गं?”

“नियम सांगतेय, काकू. मोठ्या मुली घेतात त्यांच्यासाठी आहे तो. उमसुनायला कधी असलं काही झालंय?”

“माझ्या मुलीला काय होणार? घोड्यासारखी आहे.” बातमाने कागद पुढे ओढला, पेन हातात घेतलं आणि डोळे बारीक करून सहीची जागा शोधू लागली.

इथे गुल्सुनने गप्प बसायला हवं होतं. मला आजही वाटतं, ती चहाची किटली घेऊन बाहेर गेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिने वर्षभर मनात धरून ठेवलेलं तोंडातून निसटलं. “करा सही, आई. आयुष्यात एवढं एक माझं ऐका.”

बातमाने पेन खाली ठेवलं.

“तुझं? तुझं काय म्हणून ऐकू?” ती शांतपणे म्हणाली. “तुला झालेली घाण माझ्या मुलीला होईल असं वाटतं तुला? ती तुझ्या वळणावर जाणार आहे का?” मग दिलबारकडे वळून, “आणि आता मला आठवलं. हे ड्रॅगनचं साल. माझी मुलगी ड्रॅगनची, तिचं मुचल चालू आहे. मुचलात मी तिच्या अंगाला लोखंड लागू देणार नाही.”

“काकू, पुढच्या वर्षी खोकं पुढच्या मुलींसाठी येतं. राहिलेलीला मिळेल याचा मला भरवसा देता येत नाही. मग बिश्केकला जा, विकत घ्या.”

“मग राहिली तर राहिली.”

दिलबार गेल्यावर गुल्सुन सासूच्या समोर जमिनीवर बसली. “आई, वन्संचं मुचल गेल्या साली झालं. तुम्हाला माहीत आहे.”

“मला काय माहीत आहे ते तू मला सांगणार?” बातमाने कणकेचं पातेलं पुढ्यात ओढलं. “कागद बघ. मी म्हणते तेव्हा ती जन्मली. ससा तू आहेस. तुझ्या मुचलात तुझं काय झालं ते बघितलं ना सगळ्यांनी? त्या सालाचा वारासुद्धा तिला लागू देणार नाही मी. ऊठ, पीठ संपलंय.”

मंगळवारी गुल्सुन शाळेत गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दिलबारच्या चहासाठी गावातून नान पाठवायचे होते, ते न्यायचं निमित्त तिने करून घेतलं. वर्गातली बाकं भिंतीला लावली होती, त्यांवर मुलींच्या आया आणि सायरासारख्या शेजारणी येऊन बसल्या होत्या. टेबलावर निळं बर्फाचं खोकं, कापूस, सुया, आणि एका बाजूला नानांची चवड. मुली बाह्या दुमडून रांगेत उभ्या होत्या, एकमेकींना चिमटे काढत होत्या. बातमा वरच्या खुर्चीत बसली होती. मुलगी लस घेणार नसली तरी गावाचं काम असलं की तिथे बातमा असायचीच. उमसुनाय मात्र मैत्रिणींबरोबर रांगेत जाऊन उभी राहिली होती, आणि तिनेही बाही दुमडली होती. मागे राहायची तिला लाज वाटत असावी.

तिची पाळी आली तेव्हा दिलबारने बातमाकडे पाहिलं. बातमाने मान हलवली. “मुचल आहे तिचं.”

बायकांनी माना डोलावल्या. मुचलापुढे आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. दिलबारनेही सुस्कारा टाकला आणि सुई बाजूला ठेवली. एक-दोघी उरल्या होत्या, त्यांना देऊन ती खोक्याचा पट्टा आवळायला लागली. तो पट्टा आवळला की गाडी तालुक्याला जाणार, आणि गाडी गेली की संपलं.

“तिचं मुचल संपलं,” गुल्सुन म्हणाली.

तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. भिंतीपाशी नान ठेवायला उभी राहिलेली सून बोलते आहे हे कळायलाही बायकांना वेळ लागला.

“ती सशाची आहे. नूरुझच्या आधी झाली. मी जन्म दिलाय तिला, मला माहीत असणार की नाही? सायरा, तू माझं डोकं धरलं होतंस ट्रॉलीत. तू सांग.”

सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच कोणी बोलायचं नसतं. सायराने आपल्या बुटांकडे पाहिलं. पण माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवणं सायराला बापजन्मात जमलेलं नव्हतं. “नूरुझची खीर झाली नव्हती अजून,” ती पुटपुटली. “मला आठवतंय, कारण मी गहू भिजत घालून आले होते आणि ते आंबले.”

रांगेतली एक मुलगी खिदळली आणि दोन बोटं डोक्यावर कानांसारखी धरून उमसुनायला दाखवू लागली. बायका आता उमसुनायकडेच बघत होत्या. उद्याच्या सुना निवडताना बघतात तसं. गुल्सुनने ते बघितलं. तिने मुलीला वाचवायला तोंड उघडलं होतं आणि पहिल्याच वाक्यात तिच्या कपाळावर सशाचं साल लिहून टाकलं होतं.

बातमा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उमसुनायला हाताने जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“ही काय म्हणते ऐकलंस? तू हिची म्हणे. खरं का?”

उमसुनायचे कान लाल झाले होते. ती गुल्सुनकडे बघत म्हणाली, “वहिनी खोटं बोलते. तिची पिशवी काढली ना, म्हणून आता तिला मी पाहिजे. आई, तू म्हणालीच होतीस, ही एक दिवस असं सांगेल म्हणून.”

म्हणजे बातमाने तिला आधीच तयार करून ठेवलं होतं. कधी, कुठल्या संध्याकाळी, चुलीपाशी का अंथरुणात, कोणास ठाऊक. गुल्सुनला वाटलं, आपण गोठ्यात होतो तेव्हाच केव्हातरी.

बातमा उठली, टेबलावरचा एक नान उचलून तिने गुल्सुनच्या पुढे धरला. “ठेव हात. नानावर हात ठेव आणि म्हण, मी कधी मूल जन्माला घातलं नाही. सगळ्यांसमोर म्हण. मग मी सही करते.”

“काकू, हे कशाला?” दिलबार म्हणाली.

“तू तुझ्या सुया सांभाळ.”

नानाची खोटी शपथ घेतलेल्याचे डोळे जातात असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. गुल्सुनचाही त्यावर विश्वास होता. ती काही धीराची बाई नव्हती. तिने पुढे उभ्या असलेल्या मुलीचा दंड पाहिला, दुमडलेल्या बाहीखालचा, काडीसारखा, थंडीने काटा आलेला. तिला वाटलं, बारा वर्षं आपण हेच तर सांगत आलो, दर चहाच्या पेल्याला, दर ओल्या मोज्याला, फुकट. बिश्केकलाही फुकटच सांगितलं. आज निदान त्याच्या बदल्यात काही मिळतं आहे.

तिने हात ठेवला. नान अजून कोमट होता. पहाटे तिनेच भाजला होता.

“मी कधी मूल जन्माला घातलं नाही.”

“आणि ही?”

“ही माझी नणंद.”

“मागे ऐकू गेलं नाही.”

“ही माझी नणंद,” गुल्सुन मोठ्याने म्हणाली.

बातमाने तो नान मोडला, एक तुकडा स्वतः खाल्ला, एक उमसुनायला दिला आणि खुर्चीत बसून कागदावर सावकाश सही केली. “मुचल आहे खरं,” ती बायकांना म्हणाली, “पण मी आई आहे, मी एक मेंढी वाटीन तिच्या नावाने. आजारपणाशी खेळ नको.” बायकांनी पुन्हा माना डोलावल्या. त्या मघाशीही इतक्याच मनापासून डोलावत होत्या. सुईचा प्रश्न बातमाला कधी पडलाच नव्हता.

दिलबारने पट्टा सोडला, बाटली काढली, उमसुनायच्या दंडावर कापूस फिरवला. मुलीने तोंड बातमाच्या कुशीत घातलं. “झालं,” दिलबार म्हणाली. “दुसरी सहा महिन्यांनी. सही हीच दोन्हीला चालते.” हे शेवटचं ती जरा मोठ्याने आणि भिंतीकडे बघत म्हणाली. गुल्सुनने ते ऐकलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

उमसुनायला बाकावर बसवलं. शेजारी बातमा बसली. गुल्सुनलाही त्या बाकाच्या टोकाला बसायचं होतं, पण तिथे बातमाने आपली शाल ठेवली होती. दोन-चार मिनिटं गेली असतील. बातमा बोलायला लागली, गप्पा माराव्यात तशी.

“दिलबार, ऐकलंस ना तू? तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. नानावर हात ठेवून सांगितलं तिने. एवढी वर्षं घरात आहे, मूल झालं नाही. आता पिशवीच नाही म्हटल्यावर होणारही नाही. माझ्या एसेनबेकने अशा बाईला जन्मभर कशाला सांभाळायचं? मीच म्हणत होते, पण लोक म्हणाले असते, हिने एक तरी दिलंय घराला. आता तेही नाही. तिच्याच तोंडचं आहे, माझ्या पदरचं नाही एक अक्षर.”

बायका आपापल्या मुलींच्या बाह्या खाली करायला लागल्या. सायरासुद्धा.

“गाठोडं बांध,” बातमा गुल्सुनला म्हणाली. “दिलबारची गाडी तालुक्याला जातेच आहे. तिथून भावाकडे जा. एसेनबेकला मी सांगते.”

गुल्सुनला आधी नीट समजलंच नाही. तिने सगळा हिशोब सहीपर्यंतच केला होता, त्याच्या पलीकडे तिची नजर गेली नव्हती. मग समजलं. तिने मान खाली घातली, कारण दुसरं काय करतात ते तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं.

उमसुनाय दंड चोळत होती. “मग गाईंची धार कोण काढणार?” तिने विचारलं.

“तू काढशील. येते की तुला.”

“पण माझा हात दुखतोय.”

बातमाने दिलबारकडे पाहिलं.

“दुखणारच दोन दिवस,” दिलबार म्हणाली. “जोर देऊ नको म्हणावं.”

बातमाने क्षणभर विचार केला. “बरं. मग दोन दिवस राहू दे हिला.”

त्या संध्याकाळी गुल्सुनने नेहमीप्रमाणे दोन्ही गाईंची धार काढली, बादली झाकली, गोठा झाडला. रात्री मुलीला कणकण आली असेल का, हे तिला विचारायचं होतं, पण बातमाच्या खोलीचं दार लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाईखाली बसली असताना उमसुनाय गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. एक हात दुसऱ्या हाताने धरलेला.

“वहिनी, तू कधी जाणार?”

“तुमचा हात दुखायचा थांबला की, वन्सं. ताप होता का रात्री?”

“नव्हता. थोडा सुजलाय फक्त.”

“गार पाण्याचं फडकं ठेवा. उतरेल.”

मुलगी जरा वेळ उभी राहिली, मग घरात गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी गुल्सुन गोठ्यात आली तर उमसुनायने बादली आधीच घेतली होती, सुई दिलेल्याच हातात.